गेम न खेळणाऱ्या संगणकाला ग्राफिक कार्ड हवे का?

पांढुर्णा-सौंसरच्या दुकानांतील गरजांवरून एक हिशेब

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, नागपूर जिल्ह्याला खेटून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा आणि त्याबरोबर हे दोन तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात आणि बाजारात मराठी, सरकारी कागदावर हिंदी, शिवारात संत्र्याच्या बागा आणि मोठ्या खरेदीसाठी नागपूर, अशी इथली रोजची रीत आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या गोमंतकीय वाचकाला ती फारशी परकी वाटणार नाही.

या गावांतून संगणक कोणती कामे करतो, हे पाहिले तर एक साधी यादी तयार होते. लग्नपत्रिका आणि फलक छापणारी डीटीपीची दुकाने, ज्यांना एकाच दिवशी मराठी आणि हिंदी दोन्ही मजकूर लावावा लागतो. खसरा-खतौनीच्या नकला, समग्र आयडी आणि परीक्षेचे अर्ज भरून देणारी ऑनलाइन सेवा केंद्रे. संत्र्याच्या व्यापाऱ्यांचे टॅलीतील हिशेब. लग्नसराईत रात्री जागवणारे फोटो स्टुडिओ, जे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातील गोटमारही चित्रित करतात. या यादीत खेळ कुठेच नाही. तरीही नवा संगणक जोडून घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे हमखास एक प्रश्न येतो : ग्राफिक कार्ड टाकायचे की नाही?

हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो, पण त्याच्या उत्तरावर लहान व्यावसायिकाचे दहा-वीस हजार रुपये अवलंबून असतात. उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. पत्रिका छापणारा नको असलेले कार्ड घेऊन बसतो आणि लग्नाचे चित्रण संपादित करणारा हवे असलेले कार्ड वगळून पैसे वाचवल्याचे समाधान मानतो. तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि तीच सर्वांत महाग पडते. ती पुढे पाहू.

अंगभूत आणि स्वतंत्र

पडद्यावर अक्षर, चित्र किंवा चलचित्र उमटवण्याचे गणित करणाऱ्या भागाला ग्राफिक प्रोसेसर म्हणतात. तो दोन ठिकाणी असू शकतो. मुख्य प्रोसेसरच्याच चकतीत तो सामावलेला असेल तर ते अंगभूत ग्राफिक्स. मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या वेगळ्या पट्टीवर, स्वतःची मेमरी आणि पंखा घेऊन तो येत असेल तर ते स्वतंत्र ग्राफिक कार्ड.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी अंगभूत ग्राफिक्स हा नाइलाजाचा मामला होता. तो मदरबोर्डवरील एका दुबळ्या चिपमध्ये असे आणि पूर्ण पडद्याचे चलचित्रही अडखळत चाले. २०११मध्ये इंटेलने सँडी ब्रिज पिढीत ग्राफिक्स थेट प्रोसेसरच्या चकतीवर आणले आणि त्याच वेळी क्विक सिंक नावाची, केवळ चलचित्र उलगडण्या-बांधण्यासाठी राखीव असलेली यंत्रणा त्यात घातली. त्याच वर्षी एएमडीनेही ग्राफिक्ससह प्रोसेसर बाजारात आणले. त्यानंतर परिस्थिती पालटली. आज सामान्य प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स ४-के चलचित्र सहज दाखवते. इंटेलच्या आय५-१२४०० सारख्या मध्यम प्रोसेसरमधील ग्राफिक्स तर एका वेळी चार पडद्यांपर्यंत चित्र देऊ शकते. प्रत्यक्षात किती पडदे जोडता येतील, हे मदरबोर्डच्या मागे किती जोडण्या दिल्या आहेत त्यावर ठरते.

दोहोंतील खरा भेद मेमरीचा आहे. स्वतंत्र कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. अंगभूत ग्राफिक्स संगणकाच्या सर्वसाधारण रॅममधूनच आपला वाटा उचलते. त्यामुळे रॅम किती आहे आणि ती कशी बसवली आहे, यावर त्याचा वेग ठरतो. डीडीआर४-३२०० प्रकारची एकच पट्टी लावली तर मेमरीतून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २५ गीगाबाइट माहिती वाहते. त्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर हा आकडा सुमारे ५१ गीगाबाइट होतो. म्हणून १६ गीगाबाइटची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घेणे, हा अंगभूत ग्राफिक्सचा वेग वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुकानात जोडून दिलेल्या अनेक संगणकांत ‘पुढे वाढवता येईल’ या सबबीखाली एकच पट्टी असते आणि ते पुढे कधीच उगवत नाही.

स्वस्त कार्डाचा फसवा आधार

‘थोडे तरी ग्राफिक असावे’ या विचाराने पुष्कळ ग्राहक तीन-चार किंवा सहा हजारांचे कार्ड घेतात. या टप्प्यात आजही दुकानांच्या फडताळांत दिसणारी नावे म्हणजे एनव्हिडियाची जीटी ७१०, जीटी ७३० आणि जीटी १०३०. यांतली पहिली दोन २०१४मधील आणि तिसरे २०१७मधील आहे.

जीटी १०३०ची कहाणी बोधप्रद आहे. मूळ कार्डाची मेमरी सेकंदाला सुमारे ४८ गीगाबाइट वेगाची होती. २०१८मध्ये याच नावाने डीडीआर४ मेमरीची दुसरी आवृत्ती आली, तिचा वेग सुमारे १७ गीगाबाइटवर घसरला. खोक्यावरचे नाव मात्र तेच राहिले. म्हणजे हे दुसरे कार्ड घेणारा ग्राहक, संगणकात दोन पट्ट्या असतील तर आधीच हाताशी असलेल्या ५१ गीगाबाइट वेगाच्या मेमरीपुढे १७ गीगाबाइटची मेमरी पैसे मोजून आणतो. शिवाय जीटी १०३०मध्ये चलचित्र बांधणारी एनव्हिडियाची नेहमीची यंत्रणाच नाही. लग्नाचे चित्रण संपादित करून अंतिम फाइल काढताना या कार्डाची मदत शून्य.

‘दोन जीबी ग्राफिक’ किंवा ‘चार जीबी ग्राफिक’ असे केवळ मेमरीच्या आकारावर कार्ड विकले जाते, तिथेच सावध व्हावे. हौदाच्या आकाराइतकेच महत्त्व त्याला जोडलेल्या नळाला असते. ज्या संगणकात चालणारे अंगभूत ग्राफिक्स आहे, त्यात या वर्गातील कार्ड घालण्याला फारसे कारण उरत नाही. अपवाद एकच : जुन्या यंत्रात ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर असेल आणि नुसता पडदा उजळवायचा असेल, तर असे कार्ड काम भागवते.

एका अक्षराची किंमत

आता ती तिसरी चूक. इंटेलचे तेच ते प्रोसेसर दोन रूपांत मिळतात. आय५-१२४००मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे. आय५-१२४००एफमध्ये ते नाही. शेवटचे ‘एफ’ हे अक्षर म्हणजे ग्राफिक्स वगळल्याची खूण. एएमडीच्या जुन्या एएम४ मदरबोर्डांसाठीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांत रीत उलटी आहे : तिथे ग्राफिक्स असल्याची खूण ‘जी’ किंवा ‘जीटी’ ही अक्षरे देतात. रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. २०२२मध्ये आलेल्या रायझन ७०००पासून एएमडीने बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत पडदा चालवण्यापुरते छोटे ग्राफिक्स दिले, मात्र तिथेही ७५००एफ किंवा ८४००एफ अशा ‘एफ’ नावांपासून जपावे.

‘एफ’ प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो. स्वतंत्र कार्ड घेणारच असाल तर अंगभूत ग्राफिक्सचे पैसे का द्यायचे, असा युक्तिवाद केला जातो आणि खेळासाठी संगणक जोडणाऱ्याला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. धंद्याच्या संगणकाला तो दोन कारणांनी लागू पडत नाही.

पहिले कारण बिघाडाचे. ग्राफिक कार्ड हा पंखा असलेला, तापणारा आणि धूळ ओढणारा भाग आहे. तो कधी ना कधी बिघडतो. अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवावे, पडद्याची तार मदरबोर्डला लावावी, की संगणक पुन्हा उजळतो. वेग कमी होतो, पण पत्रिका छापता येतात, फोटो देता येतात, हिशेब होतो. ‘एफ’ प्रोसेसरच्या संगणकात कार्ड गेले की पडदा काळा. पांढुर्ण्यातील दुकानदाराने वॉरंटीचे कार्ड नागपूरच्या सेवा केंद्रात पोहोचवायचे आणि ते बदलून येईपर्यंत थांबायचे. लग्नाच्या तिथी तेवढ्या थांबत नाहीत. सुरुवातीला वाचवलेले हजार-दोन हजार अशा एका आठवड्यात दुपटीने जातात.

दुसरे कारण चलचित्राचे आहे आणि ते फोटो स्टुडिओंना विशेष लागू आहे. अलीकडचे अनेक मिररलेस कॅमेरे एच.२६५ पद्धतीत, १०-बिट ४:२:२ प्रकारचे चित्रण करतात. रंगांची अधिक माहिती राखणारा हा प्रकार संपादनाच्या वेळी उलगडायला अतिशय जड असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांतील क्विक सिंक तो थेट यंत्रणेतून उलगडते. एनव्हिडियाच्या कार्डांना ही क्षमता २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हती. त्यामुळे आरटीएक्स ३०६० सारखे चांगले कार्ड आणि ‘एफ’ प्रोसेसर घेतलेल्या स्टुडिओत हे चित्रण टाइमलाइनवर अडखळू लागते. त्याच कार्डासोबत ‘एफ’ नसलेला प्रोसेसर असता, तर संपादनाच्या सॉफ्टवेअरने हे काम अंगभूत यंत्रणेकडे सोपवले असते. महाग कार्ड घेऊनही काम रखडते, याचे कारण पुष्कळदा या एका अक्षरात दडलेले असते.

म्हणून खेळासाठी नसलेल्या संगणकाला एक नियम सरसकट लावता येतो : कार्ड घ्या अथवा घेऊ नका, प्रोसेसर मात्र अंगभूत ग्राफिक्स असलेलाच घ्या. कार्ड बसवल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये जाऊन ते सुरू ठेवल्याची खात्री जोडणी करणाऱ्याकडूनच करून घ्यावी.

कोणत्या कामाला काय

कार्ड हवे की नको, हे संगणकाच्या किमतीवरून किंवा मालकाच्या हौसेवरून न ठरवता रोज उघडल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवरून ठरवावे.

टॅली, एक्सेल, अर्ज भरणे, नकला काढणे, बँकेचे व्यवहार, ऑनलाइन वर्ग : या कामांना कार्डाचा काडीचाही उपयोग नाही. सेवा केंद्रात दोन पडदे लावायचे असतील, एक चालकापुढे आणि एक ग्राहकाला दाखवण्यासाठी, तरीही अंगभूत ग्राफिक्स पुरते. इथे पैसे एसएसडीवर खर्च करावेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसली की ताटकळणाऱ्या रांगेलाही फरक जाणवतो.

पत्रिका, फलक, पुस्तकांची मांडणी : कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या मराठी अक्षरजुळणीच्या साधनांचा भार मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर पडतो. फोटोशॉपमधील नेहमीची कामेही अंगभूत ग्राफिक्सवर चालतात. मोठे फलक करणाऱ्यांना ३२ गीगाबाइट रॅम कार्डापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

घराचे नकाशे : द्विमित आराखड्यांना अंगभूत ग्राफिक्स चालते. इमारतीचे त्रिमित रूप रंगवून दाखवायचे असेल, ब्लेंडरसारख्या साधनात चित्र घडवायचे असेल, तर मात्र स्वतंत्र कार्ड ही गरज ठरते. तिथे तासांचे काम मिनिटांवर येते.

फोटो : निवड, कापणी आणि रंगदुरुस्ती अंगभूत ग्राफिक्सवर होते. परंतु लाइटरूममध्ये २०२३मध्ये आलेली, कृत्रिम बुद्धिमत्तेने छायाचित्रातील दाणे काढण्याची सोय ग्राफिक प्रोसेसरवर अवलंबून आहे. मांडवातील अपुऱ्या उजेडात टिपलेली शेकडो छायाचित्रे तिच्यातून काढायची असतील, तर चांगल्या कार्डावर थोडक्यात होणारे काम अंगभूत ग्राफिक्सवर रात्रभर रेंगाळू शकते.

चलचित्र : साधी कापाकापी आणि जोडणी क्विक सिंकच्या बळावर निभावते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगसंस्कार, एकावर एक परिणाम, ४-के मध्ये अनेक कॅमेऱ्यांचे संपादन असा व्याप असेल, तर त्या सॉफ्टवेअरची घडणच ग्राफिक कार्डाभोवती झालेली आहे. इथे कार्ड हे भांडवल आहे आणि त्यात काटकसर करू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रतिमाने स्वतःच्या संगणकावर चालवणे : कार्डाची मेमरी हीच इथली मर्यादा. आठ गीगाबाइटच्या खाली अडचण होते, बारा असल्यास बरे.

वीज, यूपीएस आणि उन्हाळा

लहान गावात आणखी एक हिशेब मांडावा लागतो. बाजारात सर्वाधिक विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. अंगभूत ग्राफिक्सचा कार्यालयीन संगणक सामान्य कामात पडद्यासह शंभर वॅटच्या आसपास राहतो आणि वीज गेल्यावर काम जतन करून नीट बंद करण्याइतका अवधी मिळतो. आरटीएक्स ३०६०ला एकट्याला १७० वॅटपर्यंत लागतात. भरात चाललेला आय५-१२४०० त्यावर ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. पडदा, पंखे आणि पॉवर सप्लायमधील गळती धरली, तर हा भार त्या यूपीएसच्या काठाला टेकतो. फाइल तयार होत असतानाच वीज गेली तर यूपीएस एक शिट्टी वाजवून मोकळा होतो. म्हणजे कार्डाच्या किमतीत मोठ्या यूपीएसची आणि दमदार पॉवर सप्लायची किंमतही मिळवावी लागते.

मध्यममार्ग हवा असल्यास २०२४मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०५०च्या सहा गीगाबाइट आवृत्तीकडे पाहता येईल. ती ७० वॅटमध्ये चालते. मदरबोर्डची खाच स्वतःच ७५ वॅट देत असल्याने या आवृत्तीच्या बहुतेक कार्डांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. मात्र याच नावाचे आठ गीगाबाइटचे कार्ड वेगळे आहे आणि ते १३० वॅट घेते. नावापुढचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

वैशाख-ज्येष्ठात विदर्भाच्या या शेजारी पारा जेव्हा चढतो, तेव्हा पत्र्याच्या छताखालील दुकानात कार्डाचा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि रस्त्याची धूळ आत ओढतो. गोव्यात त्याच्या जागी दमट खारी हवा आहे, जी जोडण्यांवर गंज चढवते. दोन्हीकडे निष्कर्ष एकच : जितके भाग कमी, तितकी देखभाल कमी.

खरेदीपूर्वीची पडताळणी

दुकानात कोटेशन हाती आले की पाच गोष्टी पाहून घ्याव्यात. प्रोसेसरचे पूर्ण नाव अखेरच्या अक्षरासह लिहिलेले आहे का. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत की एक. मदरबोर्डच्या मागे आपल्या पडद्यांना लागणाऱ्या जोडण्या आहेत का. ४-के पडदा असेल तर एचडीएमआय २.० किंवा त्यापुढची आहे का, कारण १.४ जोडणीवर ४-के चित्र सेकंदाला तीसच चौकटींनी हलते. कार्ड सुचवले असेल तर ते कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, याचे उत्तर विक्रेत्याला देता येते का. आणि पॉवर सप्लाय व यूपीएस मिळून तो भार पेलतील का.

घरी आल्यावर एक साधी चूक टाळावी. स्वतंत्र कार्ड असेल तर पडद्याची तार कार्डाच्या जोडणीत लावावी. ती सवयीने मदरबोर्डला लावली, तर ‘एफ’ नसलेल्या संगणकात चित्र दिसते, पण पडदा अंगभूत ग्राफिक्सवरच चालतो आणि महागड्या कार्डाचा पुरेपूर उपयोग होत नाही.

ज्यांचा निर्णय अजून होत नसेल, त्यांच्यासाठी सर्वांत सुरक्षित वाट अशी : अंगभूत ग्राफिक्सचा चांगला प्रोसेसर, रॅमची जोडी, एसएसडी आणि कार्ड बसेल एवढी खाच व वीज राखून ठेवलेला संगणक आज घ्यावा. दोन-तीन महिने त्यावर आपले खरे काम करून पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा आलेख कामाच्या वेळी सतत शंभराला टेकत असेल, तर कार्डाची गरज सिद्ध झाली. ते नंतर बसवायला दहा मिनिटे लागतात. आलेख तळाशीच लोळत असेल, तर ते पैसे पुढच्या हंगामासाठी गल्ल्यातच राहू द्यावेत.